रंगीत गोळे ढकलायचा जुन्या स्टाईलचा गेम बनवलाय, चालतो सगळा, पण मजा का येत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तुम्ही हौसेने ८-बिट स्टाईलचा एक गेम बनवलाय, भूलभुलैयासारखे बोळ आहेत, त्यात लाल, निळे, पिवळे, हिरवे गोळे ढकलत ढकलत त्या त्या रंगाच्या खड्ड्यात न्यायचे, मागे तीन भुतं लागलेली, कोड नीट चालतोय, पण मित्र दोन मिनिटं खेळतात आणि "भारी आहे रे" म्हणून मोबाईल परत देतात. हे "भारी आहे रे" मी पण भरपूर ऐकलंय. तीन वर्षांपूर्वी मी सेम टू सेम असाच गेम बनवत होतो, रात्री जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन बसायचो, आणि सहा महिने नुसता घोळ घालत होतो. त्यामुळे हे काही एक्सपर्टचं उत्तर नाही, ठेचकाळलेल्या माणसाचं आहे.

माझा अंदाज आहे की तुमचा गोळा एका धक्क्याला एकच घर पुढे जातो. तुम्ही तसं स्पष्ट लिहिलेलं नाही, पण "ढकलत ढकलत" लिहिलंय त्यावरून म्हणतोय. तसं असेल तर दुखणं तिथेच आहे, बाकी ग्राफिक्स, म्युझिक, स्कोअर हे नंतर बघू.

एक धक्का एक घर ही सोकोबान नावाच्या गेमची पद्धत. हिरोयुकी इमाबायाशी नावाच्या जपानी माणसाने तो १९८१ मध्ये बनवला आणि १९८२ मध्ये थिंकिंग रॅबिट या त्याच्याच कंपनीने बाजारात आणला. सोकोबान म्हणजे गोदाम सांभाळणारा. खोकी ढकलून ठरलेल्या जागी लावायची, बास. ढकलता येतं, ओढता येत नाही, आणि एका वेळी एकच खोकं. एवढ्याशा नियमात इतकं काही भरलंय की जोसेफ कल्बर्सन या संगणकशास्त्रज्ञाने ९० च्या दशकात सिद्ध केलं की सोकोबान पीस्पेस-कम्प्लीट आहे, म्हणजे साध्या भाषेत सांगायचं तर कोडं मोठं झालं की कॉम्प्युटरला पण घाम फुटतो. पण बघा, सोकोबानमध्ये तुमच्या मागे कोण लागलंय? कुणीच नाही. घड्याळ पण नाही. एका खोक्याकडे बघत चहा संपवा, दुसरा मागवा, चूक झाली तर लेव्हल परत सुरू करा, कुणी काही म्हणत नाही. तिथे विचार करायला वेळ मिळतो हीच तर मजा आहे, आणि तुम्ही नेमका तोच वेळ तीन भुतं सोडून काढून घेतलाय. म्हणजे खेळणाऱ्याने चार घरं पुढचा विचार पण करायचा आणि पळायचं पण, आणि गोळा एकेक घर सरकवताना भूत मानगुटीवर. कोण खेळेल? दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की तिसरी चांगलीच होते असं नाही हो, श्रीखंडावर रस्सा ओतून बघा.

मग ढकलाढकली आणि पळापळ एकत्र कशी बसवायची? याचं उत्तर १९८२ मध्येच मिळालं होतं, पेंगो नावाच्या गेममध्ये. सेगा कंपनीचा आर्केड गेम, म्हणजे नाणं टाकून मशीनवर खेळायचा, बनवला होता कोअरलँड या कंपनीने. (खरं सांगायचं तर मी हा लहानपणी पाहिलेला पण नाही. आमच्याकडे टीव्हीला जोडायचं ते कार्ट्रिजवालं खेळणं होतं, त्यात मारिओ, कॉन्ट्रा आणि रणगाड्यांचा गेम, झालं आमचं विश्व. पेंगो मी तिशी ओलांडल्यावर खेळलो आणि डोक्याला हात लावला की अरे, मी सहा महिने जे शोधतोय ते तर हे.) लाल रंगाचा पेंग्विन, बर्फाच्या लाद्यांचा भूलभुलैया, आणि स्नो-बी नावाचे गोलमटोल शत्रू. इथे लादीला धक्का दिला की ती एक घर सरकत नाही, ती सुटते. समोर काहीतरी आडवं येईपर्यंत सुसाट जाते आणि वाटेत स्नो-बी सापडला तर त्याला तसाच रेटत नेऊन चिरडते. आणि लादीच्या पलीकडे लगेच दुसरी लादी असेल तर सरकायला जागाच नाही, मग धक्का दिल्यावर ती फुटते. हा दुसरा नियम दिसायला किरकोळ आहे पण त्याने केवढं काम केलंय बघा, सोकोबानमध्ये खोकं कोपऱ्यात गेलं की मेलं, इथे अडलं तर फोडून वाट काढ. स्नो-बी स्वतः पण लाद्या फोडत येतात, त्यामुळे लेव्हल जसजशी पुढे जाते तसतसा भूलभुलैया मोकळा होत जातो, लपायला जागा कमी, ढकलायला लाद्या पण कमी.

आता मला ज्याच्यासाठी हे सगळं सांगायचंय ती गोष्ट. पेंगोमध्ये तीन लाद्या हिऱ्याच्या असतात. त्या फुटत नाहीत. तिन्ही एका ओळीत लावल्या की मोठा बोनस, भिंतीला चिकटून ओळ लागली तर ५,००० आणि भिंतीपासून सुटी लागली तर १०,०००. समजा दोन हिरे शेजारी शेजारी लागलेत, तिसरा एका धक्क्यावर आहे, आणि डावीकडून स्नो-बी येतोय. तुमच्या हाताशी दुसरी लादी नाही, हिराच आहे. तो स्नो-बीच्या अंगावर सोडला तर जीव वाचेल, पण हिरा पार त्या टोकाला भिंतीवर जाऊन बसेल आणि दोन मिनिटांची मेहनत पाण्यात. नाही सोडला तर एक जीव जाण्याची रिस्क. हा अर्ध्या सेकंदाचा प्रश्न, तो म्हणजे हा गेम. जी वस्तू जागेवर न्यायचीय तीच तुमचं हत्यार आहे. तुमच्या गेममध्ये गोळा हे फक्त ओझं आहे, भुतं हा वेगळा त्रास आहे, दोघांचा एकमेकांशी काही संबंधच नाही, म्हणून खेळणारा एक काम करतो तेव्हा दुसरं त्याला नुसतं छळतं.

तर गोळ्याला घरंगळू द्या. नाहीतरी गोळाच आहे तो, खोकं थोडंच आहे! एक धक्का, आणि भिंत किंवा दुसरा गोळा लागेपर्यंत थांबणार नाही, वेग खेळणाऱ्याच्या निदान दुप्पट. भूत मध्ये आलं तर चिरडलं, पाच-सहा सेकंदांनी परत कुठूनतरी उगवेल. एवढा एकच बदल करून मित्रांना परत द्या.

हे केल्यावर पुढची अडचण येणार, मला आली होती म्हणून आधीच सांगतो. माझ्या गेममध्ये गोळ्याला नुसतं अंग लागलं की धक्का बसायचा, सोकोबानसारखा. माझा नऊ वर्षांचा भाचा दिवाळीत आला होता, त्याला खेळायला दिला. तो भुतापासून पळत एका बोळात वळायला गेला, वळण एका घराने हुकलं, आणि समोरच्या पिवळ्या गोळ्याला धडकला, गोळा गेला थेट खालच्या कोपऱ्यात. पोरगं मोबाईल माझ्यापुढे धरून म्हणतं, "मामा, हे मी नाही केलं." बरोबरच होतं त्याचं, त्याने नव्हतंच केलं. चूक झाली तर चालते, पण ती आपली वाटली पाहिजे, नाहीतर माणूस चिडतो आणि ठेवून देतो. पेंगोमध्ये ढकलायला वेगळं बटण आहे, एकच, पण आहे. मी पण दुसऱ्या दिवशी बटण टाकलं आणि निम्म्या तक्रारी बंद.

उरलेल्या निम्म्या तक्रारी वळणाच्या होत्या. बोळातून जाताना खेळणारा वळणाच्या जरा आधीच बाण दाबतो, सगळेच दाबतात, आणि कोड म्हणतो की इथे भिंत आहे, वळता येत नाही. मग माणूस सरळ पुढे. दाबलेलं बटण सात-आठ फ्रेम (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एक चित्र) लक्षात ठेवा, सेकंदाला ६० फ्रेम दाखवणाऱ्या गेममध्ये हे साधारण सेकंदाचा आठवा हिस्सा होतं, आणि तेवढ्यात वळण आलं तर वळवा. मूळ पॅक-मॅनमध्ये (भूलभुलैयात भुतांपासून पळायचा १९८० चा गेम) तर याच्याही पुढची गोष्ट आहे, खेळणारा कोपरा किंचित कापून वळू शकतो आणि भुतांना ती सवलत नाही, म्हणून जो नीट वळतो तो प्रत्येक वळणाला भुतापासून थोडा थोडा सुटत जातो. दिसत कुणालाच नाही, हाताला कळतं.

भुतांचं म्हणाल तर तुम्ही लिहिलंय की तिघंही सगळ्यात जवळच्या रस्त्याने अंगावर येतात. काढा ते. थोड्या वेळात तिघं एकामागे एक रांगेत चालायला लागतात, वरातीसारखी. पॅक-मॅनमधलं लाल भूत तुम्ही आहात त्या घराकडे येतं, गुलाबी मात्र तुमच्या चार घरं पुढे जायला बघतं, म्हणून समोरून कोंडी होते, आणि मधूनमधून सगळीच पाठलाग सोडून आपापल्या कोपऱ्याकडे जातात तेव्हा श्वास घ्यायला मिळतो. तुम्हाला एवढं पण नको, एक पाठलाग करणारं, एक वाट अडवणारं, आणि एक आपलं उगाच भटकणारं, पुरे.

आता रंग. मला वाटतं इथे तुमच्या हातात खरी मजेची गोष्ट आहे आणि तुम्ही ती वाया घालवताय. सध्या तुमच्याकडे चार रंगांचा प्रत्येकी एक गोळा आणि एक खड्डा आहे ना? म्हणजे प्रत्येक गोळ्याचं घर आधीच ठरलेलं, खेळणाऱ्याला निवडायला काही नाही. त्यापेक्षा दोनच रंग घ्या, प्रत्येकाचे तीन गोळे आणि तीन खड्डे. मग कुठला लाल गोळा कुठल्या लाल खड्ड्यात हे खेळणारा ठरवेल, जवळचा आधी की अवघड आधी हे ठरवेल, एक वाट बंद झाली तर दुसरी शोधेल. आणि घरंगळणाऱ्या गोळ्याला हा नियम लावून बघा: आपल्या रंगाचा खड्डा आला की गोळा आत पडतो, दुसऱ्या रंगाचा आला की वरून निघून जातो. म्हणजे निळा खड्डा हा निळ्याला मुक्काम आणि लाल गोळ्याला मोकळा रस्ता. आता रंगाने नियमच बदलतो, तो नुसता शोभेचा राहात नाही. लहानपणी गोट्या खेळताना जी गल असायची तिच्यावरून गोटी उडून गेली की किती जळफळाट व्हायचा आठवतंय? तोच जळफळाट इथे कामाला येतो.

कॅरमसारखं करायचा मोह होईल, की एका गोळ्याने दुसऱ्याला मारलं की पहिला थांबेल आणि दुसरा सुटेल. मी करून बघितलं. दिसायला जबरदस्त दिसतं. पण चार-पाच गोळे असले की एकाचा दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला, शेवटी कोण कुठे जाऊन बसलं ते खेळणाऱ्याला कळत नाही आणि मग तो विचार करायचंच सोडून देतो, नुसता धक्के मारत सुटतो. मी ते एका टकरीपुरतं ठेवलं, म्हणजे मारलेला गोळा पुढे कुणाला लागला तर तिथेच गप थांबतो. तुम्ही पहिल्या दहा लेव्हलमध्ये तेही ठेवू नका.

आणि हो, लाल आणि हिरवा हीच जोडी घेऊ नका. माझ्या मेव्हण्याला या दोन रंगांतला फरक कळत नाही, त्याने माझ्या गेमची पहिली लेव्हल वीस मिनिटं खेळली आणि मला वाटलं त्याला आवडली. लाल-निळा घ्या, आणि वर प्रत्येक गोळ्यावर खूण पण काढा, एकावर ठिपका, एकावर पट्टा, खड्ड्यावरही तीच. १६ पिक्सेलच्या चौकोनात तेवढं आरामात बसतं.

लेव्हल कशा बनवायच्या हे तुम्ही शेवटी विचारलंय. उलट्या बनवा. सगळे गोळे आपापल्या खड्ड्यात आहेत असं धरा आणि एकेक मागे ओढत बाहेर काढा, म्हणजे लेव्हल सुटते याची खात्री राहते. सोकोबानवाले हेच करतात, फक्त घरंगळणाऱ्या गोळ्याला एक पथ्य जास्त आहे. धक्का बसल्यावर गोळा जिथे थांबेल असं धरताय तिथे त्याला थांबवणारं काहीतरी समोर असलं पाहिजे, भिंत नाहीतर दुसरा गोळा, बोळाच्या मधोमध तो आपोआप थांबू शकत नाही. आणि ज्या बाजूने धक्का द्यायचा तिथे उभं राहायला एक मोकळं घर हवं, तिथपर्यंत पोचायला रस्ता पण हवा. हे मी विसरायचो आणि मग रात्री दीडला आपलीच लेव्हल आपल्याला सुटत नाही म्हणून डोकं धरून बसायचो.

पहिली लेव्हल अशी ठेवा: भूत एकही नाही, एक लांब आडवा बोळ, डाव्या टोकाला खेळणारा, त्याच्या पुढ्यात लाल गोळा, मधे निळा खड्डा, उजव्या टोकाच्या जरा अलीकडे लाल खड्डा. लिहून काहीच सांगू नका. तो बटण दाबेल, गोळा निळ्यावरून सटकन जाईल, लाल खड्ड्यात टपकन पडेल. दुसऱ्या लेव्हलला तोच बोळ, फक्त मधे एक भूत उभं करा.