ओंजळ, भाकरी आणि मज्जासंस्थेची परिभाषा

प्रश्न : मी अंबाजोगाई तालुक्यातील असून दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले. यंदा ऑक्युपेशनल थेरपीच्या, म्हणजे रुग्णाला रोजची कामे पुन्हा करता यावीत यासाठीच्या उपचारांच्या, पदवीला प्रवेश घेतला. परंतु हालचालींची व मज्जासंस्थेच्या विकारांची इंग्रजी नावे पाठ करूनही एकमेकांत मिसळतात. हा अभ्यासक्रम सोडून द्यावा का?

उत्तर : सोडू नका. आपण ही नावे वहीवरून पाठ करीत आहात, हातावरून नव्हे, म्हणून ती मिसळतात. पाण्यासाठी ओंजळ धरली की तळवे वर येतात, ते सुपिनेशन. भाकरी थापताना तळवा खाली असतो, ते प्रोनेशन. काखेत वही दाबून धरताना दंड अंगाकडे येतो, ते ॲडक्शन आणि वाट अडवायला हात बाजूला पसरला की ॲबडक्शन. कापूस वेचताना अंगठा बोटांच्या समोर येतो, त्याला ऑपोझिशन म्हणतात. ही एक हालचाल गेली तरी घास, गुंडी आणि लेखणी अडते, म्हणून या व्यवसायात तिला फार मोल आहे.

विकारांची नावे फोडून वाचावीत. हेमी म्हणजे अर्धे. प्लेजिया म्हणजे शक्ती पूर्ण जाणे, तर पॅरेसिस म्हणजे ती कमी होणे. हालचालींचे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या तळाशी बाजू बदलतात, त्यामुळे डाव्या मेंदूला इजा झाली की उजवे अंग लुळे पडते. आणि बहुतेकांचे भाषाकेंद्रही डावीकडेच असल्याने अशा रुग्णाला अनेकदा अफेजिया, म्हणजे बोलण्यात किंवा बोललेले समजण्यात अडचण, असल्याचेही आढळते.

ज्या दोन शब्दांत विद्यार्थी सर्वाधिक चुकतात, त्यांच्याकडे मात्र सावकाश पाहावे. अटॅक्सियामध्ये शक्ती असूनही हालचालींचा मेळ बसत नाही. बहुधा लहान मेंदूच्या बिघाडामुळे पेल्याकडे नेलेला हात डळमळतो आणि पुढे निघून जातो. अप्रॅक्सियामध्ये हातात बळ असते, कंगवा ओळखू येतो, सांगितलेलेही कळते, तरी केस विंचरण्याची सवयीची कृती जुळवून आणता येत नाही. पहिल्या रुग्णाला कोपर टेकवायला आधार किंवा थोडा जड पेला देऊन पाहतात. दुसऱ्याकडून खरा कंगवा हातात देऊन, रोजच्या वेळी व रोजच्या जागी तीच कृती पुनःपुन्हा करून घेतात. शब्द चुकला तर उपचारच चुकीच्या दिशेला जातो, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. स्पॅस्टिसिटी आणि रिजिडिटी या स्नायूंच्या ताठरपणाच्या दोन प्रकारांचेही तसेच आहे : पहिलीत अवयव जितक्या वेगाने ताणावा तितका विरोध वाढतो, दुसरीत वेग कोणताही असला तरी तो सारखाच राहतो.

आपले मराठी माध्यम येथे अडसर नाही. उद्या एखादी आजी आपल्यासमोर बसून “मालकांच्या अंगावरून वारं गेलं” असे सांगेल. तेव्हा नोंदीत हेमिप्लेजिया लिहायचे असेल, पण कोणते अंग, केव्हापासून आणि भाकरीचा तुकडा हाताने मोडता येतो का, हे तिला तिच्याच बोलीत विचारावे लागेल.