आयसीयूचा एका दिवसाचा खरा खर्च रुग्णालय कसा मोजतं?

तुमचे वडील अकरा दिवस आयसीयूत होते, आता वॉर्डात आलेत. बेड चार्ज पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत एकच लागला, मग रुग्णालयाला प्रत्यक्षात खर्च येतो किती आणि तो काढतात कसा, असं तुम्ही विचारलंय. परळच्या एका ट्रस्ट रुग्णालयात मी बारा वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट: बेड चार्ज हा दर आहे, खर्च नव्हे. मे 2020 मध्ये राज्य सरकारनं खासगी रुग्णालयांना कोविडचे दर बांधून दिले होते, आयसीयूचे दिवसाला 7500 रुपये आणि व्हेंटिलेटर असेल तर 9000. त्या खाटेवर खरोखर किती पैसा लागला, हे त्या आकड्यावरून कळत नव्हतं.

मोजायची सोपी रीत म्हणजे युनिटचा वर्षाचा सगळा खर्च घ्यायचा आणि रुग्ण जितके दिवस राहिले त्या एकूण दिवसांनी भागायचं. यात पहिला दिवस आणि दहावा दिवस सारखाच दिसतो. खरं तर श्वासनळीत नळी घालणं, सेंट्रल लाइन म्हणजे मोठ्या शिरेत नळी बसवणं, सीटी, तासातासाला रक्ततपासण्या, हे सगळं सुरुवातीलाच होतं. अमेरिकेतल्या 2005 च्या एका मोठ्या अभ्यासातही पहिला दिवस सगळ्यात महाग निघाला आणि तिसऱ्या दिवसापासून खर्च साधारण स्थिरावला.

दुसरी रीत किचकट, पण मला तीच पटते. खाटेशी बसून मोजायचं. एकदा मी सात नंबरच्या बेडशेजारी वही घेऊन रात्रभर बसले. रुग्ण व्हेंटिलेटरवर होता. सिस्टरनं सक्शन केलं, म्हणजे श्वासनळीतला कफ ओढून काढला, की मी एक कॅथेटर आणि हातमोज्यांची जोडी लिहायचे. कुशीवर वळवायला सिस्टर, मावशी आणि वॉर्डबॉय असे तिघं लागायचे. पहाटे तीनला सिरिंज पंप, म्हणजे औषध हळूहळू शिरेत सोडणारं यंत्र, वाजला. सिस्टरनं नवी सिरिंज भरली, लेबल लावलं, चार्टवर वेळ टाकली आणि पुढची दहा मिनिटं बीपीवरची नजर हलवली नाही. सकाळी वही बिलाशी ताडून पाहिली. सामान सगळं सापडलं. ती दहा मिनिटं कुठंच नव्हती.

आणि आयसीयूचा पैसा मुख्यतः अशा माणसांच्या वेळेवरच जातो. 1990 च्या दशकात इंग्लंडमध्ये शेफील्डच्या डेव्हिड एडब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा खर्च सहा गटांत मांडला. त्यांतले तीनच गट, म्हणजे माणसं, औषधं व वापरून टाकायचं सामान, आणि लॅब-एक्सरेसारख्या सेवा, मिळून सुमारे 85 टक्के भरले. सगळ्यात मोठा वाटा माणसांचा. खाट रिकामी असली तरी पाळीवरच्या सिस्टरचा पगार चालूच असतो, त्यामुळे भरलेल्या खाटांवर तो भार येतो.

सिस्टरच्या कामाला आकडा द्यायला टिस नावाची गुणपद्धत आहे. ती 1974 ची, पुढे 1996 मध्ये 28 बाबींची सुटसुटीत आवृत्ती आली. एका पाळीत एक नर्स साधारण 46 गुणांचं काम पेलते असा त्यात हिशेब आहे. मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या आयसीयूचा खर्च याच पद्धतीच्या आधारानं अभ्यासला गेला, तो लेख 1999 मध्ये छापून आला. आपल्याकडे हे काम फार थोड्यांनी केलंय, याचं मला वाईट वाटतं. खर्च माहीत नसला की दर अंदाजानं ठरतात आणि तो अंदाज तुमच्यासारख्यांच्या माथी बसतो.

आता तुमच्या बिलाचं. तपशीलवार बिल मागा, तो तुमचा हक्क आहे. व्हेंटिलेटर कुठल्या तारखेला काढला ते केस पेपरवर असतं. त्यानंतरचे व्हेंटिलेटर चार्ज लागलेत का पाहा. रुग्णालय धर्मादाय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तुम्ही त्यात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या वैद्यकीय समाजसेवकांना उद्याच भेटा. फायनल बिल निघाल्यावर ही धावपळ फार अवघड होते.