विंडोजशेजारी उबुंटू: आधी एवढंच कर

विंडोज ठेवून त्याच लॅपटॉपवर उबुंटू (विंडोजसारखीच दुसरी, मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकणं जमेल तुला, घाबरू नकोस. फक्त फोटो आणि कागदपत्रं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घे. हे आजच.

मग विंडोजमध्ये:

- बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिही. त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलीस तर अडकल्यावर उपयोग नाही.
- फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज पूर्ण बंद न होण्याची सोय) बंद कर.
- डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह लहान करून ५० जीबी जागा मोकळी सोड.

सगळ्यात महागडी चूक इन्स्टॉल करताना होते. घाईत 'इरेझ डिस्क' निवडलं की विंडोजसकट सगळं पुसलं जातं. विंडोजच्या शेजारी इन्स्टॉल करायचा पर्यायच घे. तो दिसला नाही तर थांब, मला विचार.

नंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. बिघाड नाही तो. उबुंटू मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) वेळ ठेवतं, आणि विंडोज तीच इथली वेळ समजतं.