टेक्सासचे ॲटर्नी जनरल सामान्य नागरिकाला कायदेशीर मत देतात का?

नाही. राज्याच्या गव्हर्न्मेंट कोडचं (सरकारी कारभाराच्या कायद्याचं) कलम ४०२.०४५ त्यांना तशी मनाईच करतं. गव्हर्नर, राज्य खात्यांचे प्रमुख, विधिमंडळाच्या समित्या, काउंटी ॲटर्नी (काउंटी म्हणजे जिल्ह्यासारखा विभाग, त्याचा सरकारी वकील) अशा कायद्यात नेमून दिलेल्यांनीच लेखी विचारायचं. शहराचा वकीलही त्या यादीत नाही, त्यामुळे त्याला पात्र व्यक्तीमार्फतच जावं लागतं.

बहुतेक विनंत्या अडतात त्या प्रश्न चुकीचा मांडल्यामुळे. ‘अमक्याने खोटी बिलं लावली का?’ हा वस्तुस्थितीचा वाद झाला; तो मत देऊन सुटत नाही. ‘अमुक कलम काउंटीला हा खर्च करू देतं का?’ असं विचारा. उत्तराची मुदत साधारण १८० दिवस. आणि हे मत न्यायालयावर बंधनकारक नसतं, न्यायाधीश फक्त त्याला वजन देतात. तुमचं प्रकरण वैयक्तिक असेल तर सरळ वकील गाठा.