गळ टाकणाऱ्यांचे प्रश्न : माशाला काय ऐकू येतं?

पाऊस ओसरून पंचगंगेचं पाणी निवळायला लागलं की या सदराकडं तीच ती पत्रं येतात. काही निवडून घेतली आहेत. बाकीच्यांनी यातच आपलं उत्तर शोधावं.

माशाला कान असतात का? (कळंबा)

असतात, कवटीच्या आत. बाहेर भोक नसतं म्हणून दिसत नाहीत.

आम्ही घाटावर गप्पा मारत बसतो. शेजारचे काका दर वेळी 'गप्प बसा, मासे पळतात' म्हणून ओरडतात. बरोबर कोण? (कसबा बावडा)

गप्पांपुरते तुम्ही. हवेतल्या आवाजाची जेमतेम हजारावा भाग ऊर्जा पाण्यात शिरते, बाकी वरूनच परत फिरते. पण काकांना लगेच खोटं पाडू नका. काठावर आपटलेली टाच, दगडावरून ओढलेली बादली यांची थरथर जमिनीतून पाण्यात उतरते, आणि पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर एक रेघ असते, तिला जवळच्या पाण्याची बारीक हालचालही कळते. तेव्हा बोला, पण पाय आपटू नका. सावलीही पाण्यावर पाडू नका. त्याला डोळे आहेत.

रोहू लगेच बुजतो, चिलापी तिथंच फिरत राहते. असं का? (शिरोळ)

रोहू, कटला, मृगळ आणि शिंगाळ्यासारखे मिशीवाले मासे यांच्यात पोटातली हवेची पिशवी आणि आतला कान यांना जोडणारी लहान हाडांची साखळी असते. वेबर या जर्मन शास्त्रज्ञानं १८२० मध्ये तिचं वर्णन केलं. पिशवी थरथरली की कानाला खबर. चिलापीत ही साखळी नाही. त्यातून नर आपला खड्डा राखत असला तर तो तसाही सहजासहजी हटत नाही.

डबा वाजवला की शेततळ्यातले मासे जमतात. भास की खरं? (कागल)

खरं. आवाजामागून खाद्य येतं हे ते शिकतात. प्राणिशास्त्रज्ञ कार्ल फॉन फ्रिश यांनी शीळ ऐकून येणाऱ्या आंधळ्या मिशीवाल्या माशावर १९२३ मध्येच लिहिलं होतं. खाद्य किती टाकायचं हे मात्र गर्दी बघून ठरवू नका. पाणी तपासून घ्या, मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा.

'सगळे मासे खेचणारा आवाज' काढणारं यंत्र मोबाईलवर दिसलं. घेऊ का? (इचलकरंजी)

नको. वर वाचलंत ना, सगळ्या माशांचं ऐकणं सारखं नाही. मग एकच आवाज सगळ्यांना कसा खेचेल? विकणाऱ्याला आधी कुठला मासा ते विचारा. गढूळ पाण्यात खुळखुळणारं आमिष मरळीसारख्या शिकारी माशाला कळू शकतं, एवढंच.

स्फोटकाचा लहान तोटा पाण्यात टाकला तर मासे मरत नाहीत, नुसते गुंगतात, उरलेले सावरतात, असं गावात म्हणतात. (राधानगरी तालुका)

साफ खोटं, आणि दरवर्षी कुणीतरी नव्यानं ऐकवतं. स्फोट म्हणजे दाबाची लाट. माशाचं मांस जवळपास पाण्यासारखंच, त्यातून ती निघून जाते. पण हवेची पिशवी क्षणात दबते नि फुगते. ती फाटते, लगतच्या रक्तवाहिन्या आणि मूत्रपिंड फाटतात. पिशवी फुटलेला मासा बहुधा तळाला जातो. तुम्ही तरंगणारे वेचून घरी जाता, खाली किती कुजले ते कोण बघतं? 'सावरलेले' म्हणतात ते हेच. बोटभर पिल्लं तर आधी जातात, म्हणजे पुढच्या हंगामाचा मासाही गेला. तोटा टाकणाऱ्याचा पंजा उडण्याचा धोका वेगळाच. पाण्यात स्फोटकं टाकून मासे मारणं कायद्यानं गुन्हा आहे, विष कालवणंसुद्धा. 'पुढच्या वेळी दिसलं तर कळवू' असं लिहिणाऱ्यांना विचारतो, पुढच्या वेळी कशाला? त्याच वेळी ११२ लावा, मग मत्स्यव्यवसाय कार्यालयाला आणि तलावाचा ठेका असलेल्या संस्थेला सांगा. अडवायला स्वतः मात्र जाऊ नका.

रंकाळ्यात गळ टाकलेला चालतो का? सगळे टाकतात. (रंकाळा वेस)

महापालिकेत विचारा. 'सगळे टाकतात' ही परवानगी नव्हे.