ब्रिस्केट ६८ अंशांवर अडकलं म्हणून आच वाढवली, तरी चिवट का झालं?

तुम्ही लिहिलंय की साडेपाच किलोचं ब्रिस्केट ६८ अंश सेल्सिअसला येऊन तीन तास हललंच नाही, मग तुम्ही आच वाढवली आणि ८५ अंशांना बाहेर काढलं. मांस खराब होतं का, असा तुमचा प्रश्न आहे.

मांसात काही खोट नव्हती. ते कमी शिजलं. ब्रिस्केट हा जनावराच्या छातीचा भाग. उभं राहताना, चालताना बराच भार हे स्नायू पेलतात, म्हणून त्यात कोलॅजन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारं चिवट प्रथिन, भरपूर असतं. ते विरघळून त्याचं मऊ जिलेटिन होतं तेव्हाच मांस मऊ पडतं, आणि ते काम ७० अंशांच्या पुढे, सावकाश चालतं. तुम्ही नेमकं त्याच्या मध्यावर थांबलात.

तापमान अडकतं ते घामामुळे अंग गार पडावं तसं. मांसातलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडत राहतं आणि आत जाणारी उष्णता त्यातच खर्च होते. ६५ ते ७५ च्या दरम्यान हे होतंच. स्मोकर, म्हणजे लाकडाच्या धुरावर मांस सावकाश शिजवायची भट्टी, ११० ते १२० वर ठेवा आणि आच वाढवू नका. वरचा थर काळा, खरपूस झाला आणि नखाने खरवडून निघेनासा झाला, की जाड कागदात किंवा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. वाफ कोंडली की आकडा पुन्हा चढतो. मी कागदच वापरतो, फॉइलमध्ये तो खरपूस थर भिजतो.

उतरवायचं साधारण ९५ ला, पण आकड्यापेक्षा हाताला विचारा. थर्मामीटरची सुई जाड भागात लोण्यात शिरावी तशी शिरली पाहिजे. अडली तर अजून अर्धा तास.

तयारीबद्दल थोडंच सांगतो. फ्रीजमधून काढल्या काढल्या, चरबी घट्ट असतानाच छाटा. वर अर्धा सेंटिमीटर थर ठेवा. ब्रिस्केटच्या दोन स्नायूंच्या मधली कडक चरबी मात्र काढा, ती वितळत नाही. मीठ आदल्या रात्री, जाडसर मिरी सकाळी. लाकूड सुकंच हवं. धूर जेमतेम दिसेल असा निळसर असू द्या, दाट पांढऱ्या धुराने मांस कडवट होतं. कापल्यावर दिसणाऱ्या गुलाबी कडेच्या मागे लागू नका, तिला स्वतःची चव नसते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, मुरवणं, म्हणजे शिजल्यावर न कापता तसंच ठेवणं. पहिल्या खेपेला मी चौदा तास जागून लगेच सुरी चालवली आणि सगळा रस पाटावर वाहून गेला. त्याचं मला आजही वाईट वाटतं. गुंडाळलेलं ब्रिस्केट टॉवेलमध्ये लपेटून रिकाम्या आइसबॉक्समध्ये किमान दोन तास ठेवा. आतलं तापमान ६० च्या खाली मात्र जाऊ देऊ नका.

कापताना धाग्यांना आडवं कापा. वरच्या आणि खालच्या स्नायूचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात, म्हणून दोन्ही जिथे भेटतात तिथे तुकडा फिरवून घ्या. पेन्सिलीएवढ्या जाडीचा काप बोटावर टाकल्यावर वाकला, पण तुटला नाही, तर जमलं.