यूपीव्हीसी खिडकीचे हँडल मानेपाशी तुटले असेल, तर नवे हँडल आणण्यापूर्वी

आपला प्रश्न मी असा समजलो आहे : खिडकी यूपीव्हीसीची, म्हणजे कडक पीव्हीसी प्लास्टिकची, असून तिचा पल्ला आत उघडतो आणि वरच्या बाजूने आत कलताही येतो. बंद करताना तिचे हँडल मानेपाशी तुटून हातात आले आणि पल्ला बंद स्थितीतच राहिला. तुटलेला भाग चिकटवून भागेल का, दुकानात मिळेल ते हँडल बसेल का आणि हे काम स्वतः करावे की कारागिराला बोलवावे, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट नकारार्थी आहे. ही हँडले बहुधा जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव असतात. हाताचा सगळा पीळ मुठीतून मानेवर आणि मानेतून आतल्या चौकोनी दांडीवर, म्हणजे स्पिंडलवर, जातो. ओतीव धातूची तुटलेली मान इपॉक्सीने जोडली, तर ती चार दिवस चांगली दिसते आणि पल्ला थोडा जड लागला की पुन्हा त्याच रेषेवर सुटते. शिवाय ओघळलेले चिकट द्रव्य हँडलच्या, पल्ल्याला टेकणाऱ्या तळपट्टीत शिरले, तर नंतर स्क्रू काढणेही अवघड होऊन बसते.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक चूक सांगतो, कारण ती मी स्वतः केलेली आहे. माझ्या घरातील अशाच एका खिडकीचे हँडल तुटले तेव्हा मी मापे घेऊन नवे आणले, वीस मिनिटांत बसवले आणि काम झाले असे मानले. काही महिन्यांनी तेही अगदी त्याच जागी तुटले. वस्तू हलक्या दर्जाची असावी अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पल्ला बिजागरीच्या विरुद्ध बाजूने किंचित खाली उतरला होता, पल्ल्याच्या कडेवरील कुलपाचे खुंट (हँडल फिरवले की सरकतात ते) चौकटीवरील पट्ट्यांना घासत होते आणि घरातील प्रत्येकजण रोज हँडलवर जोर देऊन ती अडचण झाकत होता. चांगल्या स्थितीतील यंत्रणा दोन बोटांनी फिरते. मान तुटेपर्यंत जोर लागत होता, याचा अर्थ दोष बहुतेक वेळा हँडलच्या मागे कुठेतरी आहे, आणि तो तसाच ठेवून नवे हँडल बसवणे म्हणजे तिसऱ्या हँडलची तयारी करणे होय.

आता बंद पल्ला उघडण्याविषयी. हँडलच्या तळाशी जी उभी, लांबट पट्टी दिसते ती बहुधा वरचे झाकण असते. ते किंचित आपल्याकडे ओढून काटकोनात फिरवले की वर एक आणि खाली एक असे दोन स्क्रू उघडे पडतात. झाकण बसून गेले असेल तर त्याच्या कडेखाली प्लास्टिकची पातळ पट्टी सारावी. लोखंडी पेचकस थेट घातला तर पल्ल्यावर ओरखडा उमटतो आणि तो पुढे कायम दिसत राहतो. मूठ शाबूत असती तर खालचा स्क्रू तिच्याआड झाकला गेला असता आणि आधी ती आडवी करावी लागली असती. ती तुटलेली असल्यामुळे आपला तेवढा त्रास वाचला, एवढाच या अपघाताचा फायदा. काही हँडलांवर फिरणाऱ्या झाकणाऐवजी स्क्रूंवर प्लास्टिकच्या छोट्या टोप्या असतात. त्या सुईने अलगद उचलता येतात.

स्क्रू फुलीच्या डोक्याचे असतात. पेचकसाचे टोक त्यांच्या खाचेत घट्ट बसणारे हवे, कारण लहान टोकाने जोर लावला तर खाच गोल होते. स्क्रू निघाल्यावर तळपट्टी सरळ बाहेर ओढावी. स्पिंडल तिच्यासोबत बाहेर आले तर ते पुन्हा चौकोनी छिद्रात घालावे. मग त्याचे बाहेर डोकावणारे टोक पान्यात किंवा पकडीत धरून, हँडल रोज ज्या दिशेने फिरत असे त्याच दिशेने, पाव वळसा फिरवावे. तळहाताने पल्ला चौकटीकडे दाबून धरला की खुंटांवरचा ताण कमी होतो आणि फिरवणे सोपे जाते. पकडीला लांब नळी जोडून जोर वाढवण्याचा मोह मात्र टाळावा. आतील गिअरबॉक्सचे, म्हणजे स्पिंडलच्या फिरण्याने खुंट सरकवणाऱ्या दातेरी यंत्रणेचे, दात तुटले, तर हँडलऐवजी ती यंत्रणा बदलण्याची वेळ येते, आणि तेही पल्ला बंद असताना.

पल्ला उघडला की खरी तपासणी सुरू होते. जुने स्पिंडल पुन्हा चौकोनी छिद्रात घालून ते पान्याने फिरवून पाहावे. येथे बहुतेकजण फसतात : कलणाऱ्या खिडक्यांच्या पल्ल्याच्या कडेवर, हँडलच्या जवळपास, एक लहानसा खटका असतो आणि पल्ला उघडा असताना तो बाहेर येऊन यंत्रणेला अडवतो. चुकीच्या वेळी हँडल फिरू नये, यासाठीच तो दिलेला असतो. तो बोटाने आत दाबून ठेवल्याशिवाय स्पिंडल हलणार नाही, आणि न हलणारे स्पिंडल पाहून गिअरबॉक्स मोडला असा निष्कर्ष काढला जातो. खटका दाबून फक्त बंद आणि उघड्या स्थितींच्या दरम्यान फिरवावे. कलण्याच्या स्थितीपर्यंत मुळीच नेऊ नये, कारण उघड्या पल्ल्यावर तसे केले तर वरचा आधार सुटतो आणि काचेसह सगळा पल्ला खालच्या एका कोपऱ्यावर लटकतो. पल्ला मोठा असेल तर ही गोष्ट धोक्याची आहे.

उघड्या पल्ल्यावर यंत्रणा हलकी फिरते आणि बंद केल्यावरच जड होते, असे आढळले तर यंत्रणा निर्दोष आहे आणि अडचण पल्ला व चौकट यांच्या जुळणीत आहे. उघड्या पल्ल्यावरही ती जड वाटत असेल, तर तिला वंगण हवे आहे किंवा आत काहीतरी झिजले आहे. आणि स्पिंडल गरगर फिरते, पण कडेवरील खुंट जागचे हलत नाहीत, असे असेल तर गिअरबॉक्स गेला. नवे हँडल आणून उपयोग नाही.

जुळणीचा दोष डोळ्यांना दिसतो. पल्ला हळूहळू लावत न्यावा आणि शेवटच्या इंचात तो खालच्या चौकटीवर चढतो का, हे पाहावे. चौकटीवरील धातूच्या पट्ट्यांवर घासल्याची ताजी, चकाकती रेघ असेल तर खुंट नेमका कुठे अडतो, हे त्या रेघेवरूनच कळते. पल्ला उतरला असल्यास खालच्या बिजागरीवरील अ‍ॅलन कीने (षटकोनी, वाकड्या चावीने) फिरणाऱ्या स्क्रूने तो उचलता येतो. एका वेळी अर्धा वळसा द्यावा, पल्ला लावून पाहावा आणि मगच पुढचा वळसा द्यावा. रबराची पट्टी फार दाबली जात असेल, तर कडेवरील खुंट पाहावेत. अनेक खुंटांचा मध्य मुद्दाम एका बाजूला ठेवलेला असतो, त्यामुळे ते थोडे फिरवले की पल्ल्याचा दाब कमी-जास्त होतो.

उन्हाचाही येथे हात असतो. पीव्हीसी एका मीटरला, तापमानाच्या प्रत्येक अंशाला सुमारे ०.०७ मिमी प्रसरण पावते. दीड मीटर उंचीचा पल्ला ३० अंशांनी तापला तर या हिशेबाने तो सुमारे ३ मिमी वाढतो. आतील पोलादी पट्टी आणि असमान तापणे यांमुळे प्रत्यक्षात थोडा कमी. भर दुपारी जड आणि सकाळी हलकी लागणारी खिडकी बिघडलेली असेलच असे नाही, तिला कडेने पुरेशी फट ठेवलेली नाही, इतकेच. म्हणून जुळणी नेहमी दोन वेगवेगळ्या वेळी तपासावी.

वंगण म्हणून शिवणयंत्राला घालतात तसल्या पातळ तेलाचे दोन-चार थेंब कडेवरील प्रत्येक खाचेत सोडावेत आणि स्पिंडल दहा-बारा वेळा पुढे-मागे फिरवावे. गंज सोडवणारे फवारे मळ काढण्यास चांगले असले तरी ते लवकर उडून जातात, त्यामुळे त्यांच्यानंतर तेल घालावेच लागते. रबराच्या पट्टीला तेल लागू देऊ नये. तिच्यासाठी सिलिकॉनचा फवारा योग्य ठरतो. चौकट पुसताना थिनर किंवा अ‍ॅसिटोन वापरू नये, कारण ते पीव्हीसीचा पृष्ठभाग मऊ करून कायमचा खराब करतात. साबणाचे पाणी पुरते.

आता मापे. जुने हँडल दुकानात सोबत नेणे सर्वांत उत्तम, तरीही काय पाहायचे ते ठाऊक असावे. स्पिंडलची जाडी या प्रकारच्या खिडक्यांत ७ मिमी असते. दारांच्या हँडलांना बहुधा ८ मिमीचे स्पिंडल असते आणि ते दिसायला जवळपास सारखेच असल्यामुळे चूक होते. दोन स्क्रूंच्या मध्यांतील अंतर आपल्या खिडकीच्या प्रकारात सहसा ४३ मिमी असते. तिसरे माप स्पिंडलच्या लांबीचे, आणि सर्वाधिक चुका याच मापात होतात. ही लांबी स्पिंडलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजायची नसून, तळपट्टीचा जो भाग पल्ल्याला टेकतो तेथून बाहेर आलेल्या टोकापर्यंत मोजायची असते. ३५ मिमी ही लांबी पुष्कळदा आढळते, पण पल्ल्याच्या जाडीप्रमाणे ती बदलते, म्हणून अंदाजावर राहू नये.

नेमक्या लांबीचे मिळाले नाही तर थोडे लांब घ्यावे, आखूड कधीच घेऊ नये. लांब स्पिंडल लोखंड कापण्याच्या करवतीने कापता येते. कापल्यावर टोकाच्या धारा कानशीने घासाव्यात. कापताना एकदम शेवटचे माप गाठू नये. मी एकदा घाईने ३ मिमी जास्त कापले. हँडल बसले, फिरलेही. पण स्पिंडलची पकड छिद्राच्या अगदी तोंडाशी राहिली आणि काही दिवसांत छिद्राचे कोपरे गोल झाले. तीन मिलिमीटरपायी मला नवा गिअरबॉक्स घ्यावा लागला. उलटपक्षी स्पिंडल जास्त लांब राहिले तर तळपट्टी पल्ल्याला पूर्ण टेकत नाही. अशा वेळी स्क्रू आवळून ती टेकवण्याचा प्रयत्न केला, तर पट्टी वाकते किंवा हँडल जाम होते.

बाहेर उघडणाऱ्या पल्ल्यांची काही हँडले एका बाजूला वाकलेली असतात आणि त्यांत डावे-उजवे असा भेद असतो. ज्या साध्या हँडलांना स्पिंडलच नसते, फक्त चौकटीवर अडकणारे नाक असते, त्यांच्या बाबतीत तळापासून त्या नाकाच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची जुळणे महत्त्वाचे असते. आपल्या खिडकीला यांतील काही लागू नाही. सरकत्या खिडक्यांचे कुलूप ही तर सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे.

बसवताना नव्या हँडलची स्थिती यंत्रणेच्या स्थितीशी जुळवून घ्यावी. यंत्रणा उघड्या स्थितीत असेल तर मूठ आडवी, बंद असेल तर खाली. स्पिंडल चौकोनी असल्यामुळे ते पाव वळशाच्या फरकानेही आत जाते आणि मग मूठ खाली असताना खिडकी उघडी, असा विचित्र प्रकार होतो. किल्लीचे हँडल घेतले असेल तर ते कुलूपबंद अवस्थेत येऊ शकते; आधी किल्ली फिरवून पाहावी, नाहीतर नवी वस्तूच खराब निघाली असे वाटते. घरात लहान मुले असतील आणि खिडकी वरच्या मजल्यावर असेल, तर किल्लीचेच हँडल घ्यावे असे माझे मत आहे. मात्र आग लागल्यास बाहेर पडता यावे म्हणून किल्ली मोठ्यांच्या हाताला लगेच येईल अशा ठिकाणी ठेवावी.

दोन्ही स्क्रू आधी हाताने चार-पाच आटे फिरवावेत. हे बहुधा एम ५ मापाचे, म्हणजे ५ मिमी व्यासाचे, स्क्रू असून ते थेट गिअरबॉक्सच्या कानांतील आट्यांत बसतात. तिरपे धरून जोर लावला तर ते आटे जातात. लाकडात वापरतात तसे टोकदार स्क्रू तेथे कधीही घालू नयेत, आणि विजेवर चालणारा पेचकस तर या कामापुरता पेटीतच राहू द्यावा. स्क्रू आवळताना अधूनमधून हँडल फिरवून पाहावे. ज्या क्षणी ते जड वाटू लागेल तेथून पाव वळसा मागे यावे. शेवटी झाकण काटकोनात फिरवून जागेवर बसवावे, पल्ला लावून हँडल बंद, उघडी आणि कललेली अशा तिन्ही स्थितींत फिरवावे आणि महिन्याभराने स्क्रू सैल झाले आहेत का ते एकदा पाहावे.

कारागिराविषयी विचाराल, तर बंद पल्ल्यात स्पिंडल नुसते गरगर फिरत असेल, पल्ला दोन माणसांना उचलावा लागेल इतका जड असेल, किंवा बाहेरच्या बाजूने काम करावे लागणार असेल, तर त्याला अवश्य बोलवावे. गिअरबॉक्स बदलायचा ठरल्यास कडेवरील धातूच्या पट्टीच्या पृष्ठभागापासून चौकोनी छिद्राच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्याला आधीच कळवावे. ते १५, २०, २२ किंवा २५ मिमी असू शकते, आणि हे माप न कळवल्यास पहिल्या फेरीत तो बहुधा चुकीचाच भाग घेऊन येतो.